मधुमेहाची जखम आणि ओझोनची पिशवी

रुग्ण खाटेवर पाय लांब करून बसतो. तळपायाच्या जखमेवरची पट्टी सोडून जखम सलाईनने धुतात आणि मुद्दाम ओलसर ठेवतात. मग पाय पोटरीपर्यंत एका पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड घट्ट बांधतात. आतली हवा काढून घेतात आणि एका बारीक नळीतून ऑक्सिजन आणि ओझोन यांचे मिश्रण आत सोडतात. पिशवी फुगते. वीस-तीस मिनिटे पाय तसाच राहतो. शेवटी उरलेला वायू यंत्राने शोषून घेतला जातो, पिशवी निघते आणि जखमेवर पुन्हा ड्रेसिंग होते. यात सुई नाही, चाकू नाही, दुखणेही नाही. महिनोन्‌महिने जखम भरत नाही आणि कोणीतरी ‘बोट काढावे लागेल’ असे सांगून मोकळे झालेले असते, अशा घराला हा उपचार मोठा आधार वाटतो. तो आधार कितपत पक्का आहे, हे नीट तपासून पाहायला हवे, कारण इथे पणाला पाय लागलेला असतो.

ओझोन हे ऑक्सिजनचेच एक रूप. श्वासातल्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनच्या रेणूत तीन. ही तिघांची जोडणी अस्थिर असते. तिसरा अणू संधी मिळताच सुटतो आणि समोर येईल त्या पदार्थाचे ऑक्सिडीकरण करतो. वीज कडाडून गेल्यावर किंवा बंद खोलीत झेरॉक्सचे यंत्र बराच वेळ चालल्यावर जो उग्र वास येतो, तो याच वायूचा. बाझेल शहरातील ख्रिस्तियान शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने 1840 च्या सुमारास तो ओळखला. 1857 मध्ये वेर्नर फॉन सीमेन्स यांनी विजेच्या साहाय्याने ओझोन तयार करणारे उपकरण बनवले. आजची दवाखान्यातली यंत्रेही बहुतेक त्याच तत्त्वावर चालतात. दोन इलेक्ट्रोडांच्या मधल्या फटीतून ऑक्सिजन वाहतो, वर उच्च दाबाची वीज खेळत असते आणि त्यातला थोडा ऑक्सिजन ओझोन होऊन बाहेर पडतो. उपचाराच्या मिश्रणात ओझोन साधारण 1 ते 5 टक्केच असतो, बाकी सगळा ऑक्सिजन. हा वायू साठवून ठेवता येत नाही. खोलीच्या तापमानाला पाऊण तासाच्या आत त्यातला निम्मा पुन्हा साधा ऑक्सिजन होतो. त्यामुळे त्याचे सिलिंडर मिळत नाहीत, रुग्णाच्या शेजारीच तो ताजा बनवावा लागतो. आणि तो वैद्यकीय ऑक्सिजनपासूनच बनवायला हवा. साध्या हवेपासून बनवला तर हवेतल्या नायट्रोजनचे विषारी ऑक्साइडही सोबत तयार होतात.

जंतू मारण्याची ओझोनची ताकद वादातीत आहे. फ्रान्समधल्या नीस शहरात 1906 पासून पिण्याचे पाणी ओझोनने शुद्ध केले जाऊ लागले. आपण प्रवासात विकत घेतो त्या बाटलीबंद पाण्यावरही पुष्कळदा ओझोनची प्रक्रिया केलेली असते. मग जखमेवर का नाही, हा प्रश्न डॉक्टरांना पडणे साहजिक होते. पहिल्या महायुद्धात लंडनच्या क्वीन अलेक्झांड्रा मिलिटरी हॉस्पिटलात जॉर्ज स्टोकर या डॉक्टरांनी सैनिकांच्या चिघळलेल्या जखमांवर ओझोन वापरला आणि 1916 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 21 रुग्णांचा अनुभव लिहिला. (‘ड्रॅक्युला’ कादंबरीचे लेखक ब्रॅम स्टोकर यांचे हे धाकटे भाऊ.) त्या काळी पेनिसिलिन नव्हते, जखम कुजली की हात किंवा पाय कापणे हाच बहुधा शेवट होता. पुढे प्रतिजैविके आली आणि ओझोन बाजूला पडला. जर्मनी, रशिया, इटली, क्युबा अशा काही देशांत मात्र त्याची परंपरा चालू राहिली. आता प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू वाढत आहेत आणि मधुमेहीही वाढत आहेत, त्यामुळे तो पुन्हा चर्चेत आला आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे जे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे. जगभरच्या अभ्यासांवरून असे दिसते की मधुमेह असलेल्या माणसाला आयुष्यात कधी ना कधी पायाला जखम होण्याची शक्यता 19 ते 34 टक्के असते. मधुमेहामुळे पाय कापावा लागलेल्या दर सहा जणांपैकी सुमारे पाच जणांच्या बाबतीत सुरुवात अशाच एखाद्या जखमेपासून झालेली असते, आणि ती पुष्कळदा अगदी किरकोळ वाटलेली असते.

ही जखम भरत का नाही, हे कळल्याशिवाय ओझोनचे मोल ठरवता येणार नाही. वर्षानुवर्षे रक्तातली साखर जास्त राहिली की नसा मरू लागतात, आणि सगळ्यात लांबच्या नसा आधी मरतात. पायाला मुंग्या येतात, आग होते आणि मग एक दिवस काहीच वाटेनासे होते. लोकांना वाटते, त्रास कमी झाला. खरे तर धोका तिथून सुरू होतो. चपलेत अडकलेला खडा दिवसभर टोचत राहतो आणि कळत नाही. उन्हाळ्यात देवळाच्या दगडी प्रांगणात अनवाणी प्रदक्षिणा घातली की तळव्याला फोड येतात, ते घरी आल्यावर मोज्याला लागलेल्या डागावरून लक्षात येतात. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्यांत मधुमेही असतात, आणि श्रद्धेने अनवाणी चालणारेही असतात. सांधे शेकायला घेतलेल्या गरम पाण्याच्या पिशवीने पाय भाजतात. रात्री उंदीर बोट कुरतडून जातो आणि माणूस झोपेतून जागा होत नाही, अशा नोंदी आपल्याकडच्या डॉक्टरांनी केल्या आहेत.

बधिरपणाबरोबर आणखी दोन गोष्टी घडतात. पायातले लहान स्नायू दुबळे होऊन बोटे वाकडी होतात, चालताना सगळा भार तळव्याच्या एकाच ठिकाणी येऊ लागतो आणि तिथे घट्टा धरतो. घाम आणणाऱ्या नसाही निकामी झाल्याने कातडी कोरडी पडून टाचांना भेगा जातात. घट्ट्याखाली आतल्या आत रक्त साकळते, कातडी फुटते आणि तळव्याला भोक पडते. त्यातच पायाच्या रक्तवाहिन्या चुन्याने कडक आणि अरुंद झालेल्या असतील, माणूस विडी ओढत असेल, तर त्या भोकापर्यंत पुरेसे रक्त पोचतच नाही. पांढऱ्या पेशी पोचत नाहीत, औषध पोचत नाही, प्राणवायूही पोचत नाही. निरोगी माणसाची जखम सूज, लाल दाणेदार मांस आणि नवी कातडी अशा टप्प्यांनी पुढे सरकते. मधुमेह्याची जखम सुजेच्या टप्प्यावरच अडकून बसते. नवे मांस तयार व्हायच्या आतच तिथली विकरे ते विरघळवत राहतात. वर जंतूंनी चिकट पदार्थाचा थर, म्हणजे बायोफिल्म, विणून आत ठाण मांडलेले असते, आणि त्या थरात प्रतिजैविक सहज शिरत नाही.

ओझोनवाल्यांचा युक्तिवाद इथे सुरू होतो आणि तो रसायनशास्त्राच्या दृष्टीने पोकळ नाही. ओल्या जखमेवर ओझोन पडला की तो तिथल्या पाण्यात विरघळतो आणि लगेच स्निग्ध पदार्थांशी, प्रथिनांशी झगडतो. जंतूंच्या पेशींची आवरणे फाटतात. जंतूंना औषधांप्रमाणे याच्याशी सहज जुळवून घेता येत नाही, कारण ओझोन एखाद्याच ठरावीक ठिकाणी मारा करत नाही. या झटापटीत हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्निग्धांचे काही पेरॉक्साइड तयार होतात. त्यांची मात्रा कमी असेल तर आपल्या पेशी सावध होऊन स्वतःचे संरक्षक विकरांचे कोठार उघडतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. चीनमध्ये 50 रुग्णांवर झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ओझोन दिलेल्यांच्या जखमांत रक्तवाहिन्या आणि नवे मांस वाढवणारे घटक जास्त आढळले. शिवाय पिशवीतला 95 टक्क्यांहून जास्त वायू शुद्ध ऑक्सिजन असतो, त्याचाही काही वाटा असू शकेल.

आपले शरीरही जंतू मारायला ऑक्सिडीकरणच वापरते. पांढरी पेशी जंतूला गिळते आणि मग ऑक्सिजनपासून जहाल द्रव्ये तयार करून त्याच्यावर ओतते. 2002 मध्ये अमेरिकेतल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तर प्रतिपिंडे ओझोनसारखा पदार्थ स्वतःच तयार करतात असा दावा केला होता. त्यावर पुढे बरीच शंका घेतली गेली. पण ऑक्सिजन कमी पडला की पांढरी पेशी लंगडी पडते, ही गोष्ट पक्की आहे.

आता या युक्तिवादाची दुसरी बाजू. ओझोन वरवर काम करतो. तो इतका चपळ आहे की पहिल्या ओल्या थराशी गाठ पडताच संपून जातो. तळव्यातले भोक हाडापर्यंत गेले असेल आणि हाड सडले असेल, तर पिशवीतला वायू तिथे पोचत नाही. सुकलेल्या मेलेल्या कातडीवर, पिवळ्या साकळलेल्या थरावर ओझोन सोडला तर तो त्या मेलेल्या भागाशीच झगडून संपतो. जंतू आणि आपली पेशी यांत तो भेदही करत नाही. मात्रा जास्त झाली की नुकते येणारे कोवळे मांसही होरपळू शकते. म्हणून जाणकार डॉक्टर जखमेत पू असताना मात्रा वरची ठेवतात आणि लाल मांस दिसू लागले की ती उतरवत नेतात. मात्र कोणत्या जखमेला नेमकी किती मात्रा, किती मिनिटे, किती दिवस, याची सर्वमान्य मोजपट्टी अजून बनलेली नाही. दोन दवाखान्यांचे ‘ओझोन उपचार’ ही प्रत्यक्षात दोन वेगळी औषधे असू शकतात.

मग रुग्णांवर काय घडले? कॉक्रेन ही संस्था जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तोलून पाहते. तिने 2015 मध्ये या विषयावरचे विश्वासार्ह प्रयोग शोधले तेव्हा हाती लागले अवघे तीन (वर आलेला 50 रुग्णांचा चीनमधला अभ्यास त्यांतलाच), आणि तिन्ही मिळून रुग्ण 212. त्यांतला सर्वांत मोठा क्युबाचा. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात 101 रुग्ण होते. एका गटाला ओझोन दिला, दुसऱ्याला प्रतिजैविके. ओझोनच्या गटात जखमेचा आकार जास्त घटला आणि रुग्णालयातला मुक्काम कमी झाला. पण 20 दिवसांच्या त्या काळात पूर्ण भरलेल्या जखमांच्या संख्येत ठळक फरक पडला नाही, असे कॉक्रेनच्या तज्ज्ञांना आढळले. शिवाय त्या रुग्णांना ओझोन जखमेवर आणि गुदद्वारातून, असा दोन्ही वाटांनी दिला होता. त्यामुळे नुसत्या पिशवीने काय साधले, हे त्यातून वेगळे काढता येत नाही.

दुसरा प्रयोग इस्रायलमधल्या होलोन गावच्या वोल्फसन वैद्यकीय केंद्रातला, 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला. त्याच्याकडे जरा थांबून पाहायला हवे, कारण ओझोनच्या बाजूने सर्वांत जास्त सांगितला जाणारा आकडा यातूनच येतो. इथे रुग्ण 61 होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची विभागणी केली: 32 जणांना खरा ओझोन, 29 जणांना तसाच दिसणारा नकली उपचार. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णाला माहीत नव्हते आणि तपासणाऱ्यालाही नव्हते. नेहमीचे ड्रेसिंग आणि साफसफाई दोघांचीही चालू होती. उपचार सुरुवातीला आठवड्यातून चारदा, नंतर दोनदा, असे एकूण 12 आठवडे द्यायचे होते. मांडणी उत्तम होती.

निकाल असा: सगळे रुग्ण धरले तर ओझोनच्या गटात 41 टक्के जखमा पूर्ण भरल्या, नकली उपचाराच्या गटात 33 टक्के. इतका फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, असे गणित सांगते. पण ज्यांनी ठरल्याप्रमाणे सगळा उपचार पुरा केला अशा 34 जणांपुरतेच पाहिले, तर आकडे होतात 81 टक्के विरुद्ध 44 टक्के. आणि पाच चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या लहान जखमा घेतल्या तर 100 टक्के विरुद्ध 50 टक्के. जाहिरातीच्या पत्रकावर तुम्हाला 81 दिसेल, 100 दिसेल. 41 दिसणार नाही.

यातला खरा आकडा कोणता? ओझोनच्या गटातल्या 32 पैकी 16 जण, म्हणजे बरोबर निम्मे, वाटेत गळले. नकली उपचाराच्या गटातले 29 पैकी 11. माणूस उपचार अर्धवट का सोडतो? कोणाची जखम चिघळते, कोणाला दुसऱ्या रुग्णालयात हलवावे लागते, कोणाला आठवड्यातून चारदा येणे झेपत नाही. जे टिकतात त्यांत ज्यांचे बरे चालले आहे त्यांचे प्रमाण आपोआप वाढते. ओझोनच्या गटात टिकलेल्या 16 पैकी 13 जणांची जखम भरली की 81 टक्के होतात, आणि हेच 13 जण सुरुवातीच्या 32 मध्ये मोजले की 41 टक्के. चिठ्ठ्या टाकून केलेली विभागणी ज्या समतोलासाठी असते, तो गळती झाली की बिघडतो. म्हणून सगळ्यांना धरून काढलेला आकडाच प्रामाणिक मानतात. लहान जखमांवरचा आकडा आशा दाखवतो, पुढचा प्रयोग कोणत्या रुग्णांवर करावा ते सुचवतो. त्यावरून एखाद्या रुग्णाला ‘तुमची जखम शंभर टक्के भरेल’ असे सांगणे हा अन्याय आहे, आणि असे सांगणाऱ्यांचा मला राग येतो.

त्याच आकड्यांतली आणखी एक गोष्ट मला तितकीच महत्त्वाची वाटते. नकली पिशवीत पाय घातलेल्या, ओझोनचा कणही न मिळालेल्या लोकांपैकी तिसरा हिस्सा बरा झाला. नियमित तपासणी, वेळच्या वेळी साफसफाई आणि कोणीतरी जखमेकडे लक्ष देऊन पाहणे, एवढ्याने इतके घडते. दवाखान्यात ‘ओझोनने बरा झालो’ असे सांगणारा रुग्ण खोटे बोलत नसतो. तो कशाने बरा झाला, हे मात्र त्यालाही ठाऊक नसते.

कॉक्रेनने पुराव्याचा दर्जा हलका ठरवून ठोस निष्कर्ष काढता येत नाही असे म्हटले. त्यानंतर काही देशांतून आणखी अभ्यास आले, बरेचसे ओझोनला अनुकूल, पण पुराव्याचा एकूण दर्जा कच्चाच राहिला. मधुमेही पायासाठी जगभर प्रमाण मानल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत जखम भरण्यासाठी ओझोन वापरू नये असे सुचवले आहे. त्याच सूचनांत, नेहमीचे उपचार करूनही जखम भरत नसेल तर जखमेवर साधा ऑक्सिजन देण्याचा विचार करायला हरकत नाही असे म्हटले आहे, कारण त्याचे प्रयोग अधिक पक्के आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमावलीत तर ओझोन हा विषारी वायू असून त्याचा कोणताही सिद्ध वैद्यकीय उपयोग नाही अशा अर्थाचे वाक्य आहे. ते वाक्य जुने आहे आणि मला ते जरा कठोरही वाटते, पण उपयोग सिद्ध करण्याची जबाबदारी उपचार विकणाऱ्यावर असते, ही त्यातली बाजू रास्त आहे.

ज्या उपायाचे पुरावे भक्कम आहेत, त्याचे नाव दवाखान्याच्या पाटीवर क्वचितच दिसते. तो उपाय म्हणजे जखमेवरचा भार काढणे. या ज्ञानाचे एक मोठे दालन आपल्या देशातल्या कुष्ठरुग्णांच्या पायांनी उघडले. 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक कुष्ठरोग्यांचे हातपाय झडतात कसे, याचा माग काढत होते. त्यांच्या लक्षात आले की मांस रोगाने आपोआप सडत नाही. वेदना कळत नाहीत म्हणून माणूस फुटलेल्या तळव्यावर चालत राहतो आणि प्रत्येक पाऊल जखम चिरडत जाते. उपाय सरळ होता: पायाला नीट बसणारे प्लास्टर घालून भार सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर पसरवायचा. 1966 मध्ये ब्रँड अमेरिकेतल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तिथून हे ज्ञान मधुमेही पायापर्यंत पोचले. बधिर पाय हा बधिर पायच. कारण कुष्ठरोग असो की साखर.

2001 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे प्लास्टर घातलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ 90 टक्क्यांच्या जखमा 12 आठवड्यांत भरल्या. काढता-घालता येणाऱ्या बुटाच्या गटात 65 टक्के. प्लास्टर काढता येत नाही, सगळा फरक तिथे आहे. त्याच संशोधकांनी नंतर पायाला पावले मोजणारे यंत्र लावून पाहिले, तेव्हा रुग्ण आपल्या रोजच्या पावलांपैकी जेमतेम 28 टक्के पावले तो बूट घालून टाकत होते. बाकीची उघड्या जखमेवर पडत होती. घरात चार पावलांनी काय होते, स्वयंपाकघरापर्यंतच तर जायचे, असे प्रत्येकालाच वाटते. आपल्या घरांत तर चप्पल उंबऱ्याबाहेरच राहते. अर्धा तास ओझोनच्या पिशवीत आणि उरलेले साडेतेवीस तास त्याच जखमेवर उभे राहणे, हा उपचार रस्ता खणत असतानाच त्यावर डांबर ओतण्यासारखा आहे. अर्थात पायाचा रक्तपुरवठा फार कमी असेल किंवा जखमेत पू भरलेला असेल तर प्लास्टर घालत नाहीत. तिथे आधी रक्तवाहिनी मोकळी करणे आणि पू काढणे आले.

म्हणून ओझोनचे पैसे मोजण्याआधी डॉक्टरांना काही गोष्टी जरूर विचारा. पायाच्या नाड्या लागतात का, रक्तप्रवाह तपासणारी डॉपलर चाचणी केली का? जखमेत सळई घालून हाड लागते का ते पाहिले का, एक्स-रे काढला का? मेलेली कातडी आणि घट्टा कापून काढला का? भार कसा काढणार? साखर किती आहे? जखमेची लांबी-रुंदी दर आठवड्याला मोजून लिहून ठेवली जाते का? ही शेवटची गोष्ट फुकटची आहे आणि फार मोलाची आहे. चार आठवड्यांत जखम निम्म्याने लहान झाली नाही तर ती त्याच उपचाराने 12 आठवड्यांत भरण्याची शक्यता फार कमी असते, असे 2003 च्या एका अभ्यासात दिसले. निम्म्याहून जास्त आक्रसलेल्यांपैकी 58 टक्के जखमा भरल्या, त्याहून कमी आक्रसलेल्यांपैकी फक्त 9 टक्के. ओझोन चालू असला तरी हीच पट्टी लावायची. चार आठवडे झाले आणि जखम होती तेवढीच आहे, तर आणखी वीस बैठकांचे पॅकेज घेऊ नये, दुसरा डॉक्टर गाठावा.

हे सगळे नीट चालू असूनही एखादी लहान, वरवरची, रक्तपुरवठा चांगला असलेली जखम हटून बसली असेल, तर जाणकार डॉक्टरांच्या देखरेखीखाली जोड म्हणून ओझोन करून पाहण्यात मला गैर वाटत नाही. पण खर्च आणि कच्चा पुरावा, दोन्ही रुग्णाला आधी सांगितलेले असावेत. खोली हवेशीर असावी. ओझोन फुफ्फुसात गेला की खोकला, छातीत जळजळ होते, दमेकऱ्याला तर तो फार त्रास देतो. नाक त्याचा वास चटकन पकडते पण थोड्या वेळात त्या वासाला सरावते, त्यामुळे ‘आता वास येत नाही’ यावर विसंबून चालत नाही. उरलेला वायू पुन्हा ऑक्सिजनमध्ये बदलणारी सोय यंत्राला हवी. साधे रबर ओझोनने तडकते, म्हणून नळ्या सिलिकॉनच्या हव्यात.

सूर्यफुलाच्या किंवा ऑलिव्हच्या तेलातून ओझोन सोडून बनवलेले तेलही मिळते. तेलातल्या दुहेरी बंधांना ओझोन चिकटून स्थिर संयुगे होतात, ती कित्येक महिने टिकतात आणि जखमेवर हळूहळू काम करतात. वापरायला ते सोपे आहे, पण त्याच्याही बाबतीत मधुमेही जखमेवरचा पुरावा तोकडाच आहे. आणि जखमेवरचा ओझोन वेगळा, शिरेतून दिलेला ओझोन वेगळा. ‘रक्तशुद्धी’च्या नावाने शिरेत वायू टोचून घेण्याच्या फंदात कोणीही पडू नये. वायूचा बुडबुडा रक्तवाहिनीत अडकला तर जीव जाऊ शकतो. जी-6-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या रक्तपेशीही ओझोनने फुटू शकतात, आणि ही कमतरता आपल्याकडच्या काही समाजांत बऱ्यापैकी आढळते.

ओझोनचा शेवटचा निकाल लागायचा असेल तर एक मोठा प्रयोग हवा. एका गटाला प्लास्टरसह उत्तम नेहमीचा उपचार आणि ओझोन, दुसऱ्याला तेच सगळे आणि पिशवीत नुसता ऑक्सिजन, मात्रा ठरलेली, शेकडो रुग्ण, आणि गळालेल्यांचाही शेवटपर्यंत हिशेब. असे रुग्ण आपल्या जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत रोज येतात. दोन गटांत फरक फक्त ओझोनचा राहिला, तरच ओझोनचे श्रेय ओझोनला देता येईल.

जखम भरली तरी काम संपत नाही. भरलेल्या जखमांपैकी 40 टक्के वर्षभरात पुन्हा उघडतात, पाच वर्षांत 65 टक्के. तिथे ओझोनचा काही संबंध उरत नाही. लागतात त्या मऊ एमसीआर रबराच्या, मागे पट्टा असलेल्या चपला, आणि त्या घरातही घालायच्या. रोज रात्री तळवा आरशात किंवा घरच्या माणसाकडून पाहून घ्यायचा, बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करायच्या, घट्टा घरी ब्लेडने न कापता दवाखान्यात काढून घ्यायचा आणि चप्पल घालण्याआधी तिच्यात हात घालून खडा चाचपायचा.